बॉम्बरमामांची डावी सीट

"उतर खाली! माणूस बसलाय तिथं, त्येच्या मांडीवर बसतोस व्हय रे?"

बॉम्बरमामा असे ओरडले, की मी केबिनमधून उडालो तो थेट पलीकडच्या गुंद गावच्या जंगलात पडायचो, पण मध्ये मामींची तुळस आडवी आली. वळून बघतो तर सीट रिकामी. रेक्झिनला मात्र कुणी तासभर बसल्यासारखा खळगा होता. तो माझा नव्हे. माझा एवढा मोठा नाही.

चूक माझ्यातल्या ट्रकवाल्याचीच. आमच्या रामनगरात ड्रायव्हर उजवीकडे, क्लीनर डावीकडे. म्हणून मी मानानं मामांना उजवी जागा सोडून क्लीनरच्या जागी टेकलो होतो. "विमानात पायलट साहेब डावीकडं बसतोय," मामा जरा निवून म्हणाले. "ती साहेबांची."

मामा फौजेत बॉम्बर विमानांची घड्याळं, म्हणजे उंची-वेगाचे मीटर, दुरुस्त करायचे; निवृत्तीनंतर इथं ट्रकांचे मीटर. दुकानामागे भंगारातली केबिन दगडांवर बसवून त्यांनी बॉम्बरचा कॉकपिट केला होता. त्यात एकशे अकरा घड्याळं होती. मोजली तर तीसेक भरतील, पण आत बसून मोजतंय कोण? जन्म विमानांत गेला, तरी हा माणूस एकदाही उडाला नव्हता. चालवण्याचं तर नावच नको. मोपेड शिकताना ते म्हशीवर गेले; म्हैस रवंथ करत राहिली, मोपेड विकावी लागली.

त्या घड्याळांत एक उंचीचं होतं. जमिनीवर काटा शून्यावर. पावसाळी हवा आली की केबिन दगडांवर ठाम असायची आणि काटा चढायचा, शंभर फूट, दोनशे फूट. "हवेचा दाब उतरला की काटा चढतोय. सायन्स हाय," मामा समजावायचे. मग रिकाम्या सीटकडे बघून हलकेच म्हणायचे, "साहेब, दमानं."

बेळगावहून विमानवेडी पोरं यायची, घड्याळांचे फोटो काढायची, कुठल्या देशाच्या कुठल्या बॉम्बरला काय टोपणनाव होतं ते धडाधड म्हणून दाखवायची. मामा सोयरिकीतली नावं ऐकावीत तसे मान डोलवायचे. एकानं मोबाइलच्या नकाशावर आत्ता आकाशात असलेली विमानं दाखवली, तेव्हा मात्र मामांनी तोंड फिरवलं. "ह्यात नुसते नंबर. नंबरानं हाक मारली तर कोण ओ देतंय? लाडाचं नाव न्हाई ते विमान माघारी येत न्हाई."

हे त्यांना फार महागात कळलं होतं. एक नवं विमान तळावर आलं होतं. नाव ठेवायचा मान मामांचा, आणि मामा दोन नावांत अडकलेले. साहेब डावीकडे चढता चढता म्हणाले, "परत येतो, मग तुला एक फेरी." विमान बिननावाचंच गेलं. ना ते आलं, ना साहेब. तेव्हापासून मामा त्याला नाव शोधत होते. दर सोमवारी केबिनवर खडूनं एक नाव लिहायचं, आठवडाभर वाट बघायची, पुसायचं. मी तरी हजार नावं पुसलेली पाहिली आहेत.

गेल्या हिवाळ्यात मामी तांदूळ निवडत होत्या. मामा खडू घेऊन उभेच.

"किती दिस हुडकताय," मामी म्हणाल्या. "माहेरवाशीण म्हणा की. येतीच ती."

मामांनी खडू खाली ठेवला आणि ऑइलपेंटचा डबा उघडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामींनी मला हाक मारली. लखलखीत ऊन, आकाशात ढगाचा ठिपका नाही. मामा उजव्या सीटवर पट्टा आवळून बसले होते. अंग गार झालेलं, चेहरा जत्रेला निघाल्यासारखा. शेजारच्या डाव्या सीटचा पट्टाही लावलेला होता, ताणून, मोठ्या पोटावरून लावावा तसा. आत कुणी नव्हतं. उंचीचा काटा बारा हजार फुटांवर. मामांनी शिकवलं होतं तशी काचेवर टिचकी मारली, काटा हलला नाही. या आकड्यात मी एक फूटही वाढवलेला नाही.

"मामी," मी विचारलं, "हा डावीकडचा पट्टा कुणी लावला?"

मामींनी मामांची कॉलर सरळ केली.

"त्येस्नी कुटं चालवाय येत हुतं," त्या म्हणाल्या.