दुसरी प्रत

तारवटी काका कुठलंही पुस्तक हातात घेतलं की आधी त्यात स्वयंपाकघर शोधत. मुखपृष्ठावर आगीचे लोळ सोडणारं अवकाशयान असो, आत सात ग्रहांचं युद्ध असो, काकांचा प्रश्न ठरलेला. "बाय, ह्या जहाजार रांधता कोण, ता सांग माका." मला सांगता यायचं नाही. मग ते चष्मा चढवून स्वतः पानं चाळत. कोणी जेवताना दिसलं नाही की पुस्तक काउंटरवर पालथं पडे. पालथं म्हणजे नापास.

बोटीवर नोकरी करणाऱ्याला आमच्याकडे तारवटी म्हणतात. काका मालवाहू बोटींवर आचारी होते. नोकरी संपल्यावर आमोण्याला नदीकाठच्या घरी एकटे राहत. बायको आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन नागपूरला. बुधवारच्या बाजाराला ते डिचोलीत येत, पोदेराच्या भट्टीतले उंडे पाव आणि मासळी घेत आणि परतीच्या बसची वेळ होईपर्यंत माझ्या दुकानात बसत. माझं दुकान बसस्टँडच्या मागे. नवरा गेल्यावर मी ते चालवायला घेतलं. ते वह्या, गाइड आणि ग्राफपेपरवर चालतं. गोष्टीच्या पुस्तकांचं एक कपाट आहे, त्यात विज्ञानकथा आणि अद्भुत कादंबऱ्यांचा एक खण. पणजीच्या वितरकाची यादी आली की या खणासाठी काय मागवावं ते मला कळत नसे. कोणीतरी ग्रहावर जातो, कोणीतरी तलवार शोधतो, मला सगळी सारखीच. एकदा माझा वैताग बघून काका म्हणाले, "माका दाखय." त्या दिवसापासून खण त्यांचा झाला. वितरक नमुन्याच्या प्रती पाठवी, काका त्या तपासत.

हीच पुस्तकं का, असं मी विचारलं होतं. "बोटीर सुटी झाली की पत्ते खेळायचे, नायतर प्यायचा. माका दोनय जमूक नाय," ते म्हणाले. "चार चार महिने लोखंडात रवायचा. भायर बघशीत तर काय नाय. ता कसा असता, ता ह्या पुस्तकवाल्यांकच कळता."

अद्भुत कादंबऱ्यांनाही सूट नव्हती. "राक्षस एवढो मोठो, डोंगरार एकलोच रवता. खाता काय?" असं म्हणून त्यांनी एक जाडजूड पुस्तक पालथं घातलं. मी तरीही ते मागवलं, कारण मुखपृष्ठ चकचकीत होतं. सुट्टी लागल्यावर पोरांनी ते आठवड्यात संपवलं. मी हे त्यांना मुद्दाम ऐकवलं.

"खपांदे," काका म्हणाले. "मी खपाचा खंय बोललंय?"

त्यांनी पास केलेली पुस्तकं मात्र बहुधा पडून राहत. हे मी कौतुकाने सांगत नाही. दुकानदाराला ते परवडत नाही. पण खण लहान होता आणि न खपलेलं परत पाठवता येत असे, म्हणून चाललं. एका बुधवारी ते पिशवीतून लाकडाची पट्टी घेऊन आले आणि खणाच्या पुढच्या कडेला ठोकून मोकळे झाले.

"हे कशाला?"

"हालला तर पुस्तकां पडतली."

"काका, ही डिचोली आहे. बोट नव्हे."

"आसांदे," ते म्हणाले. पट्टी अजून आहे. पुस्तक काढताना बोटांना लागते.

पुस्तक पास झालं की काका सांगत, "दोन मागय." एक प्रत ते स्वतः रोख विकत घेत. दुसरी खणात राही, ज्याने कोणी वाचावी त्याच्यासाठी. कोणी वाचलं की तो दुकानात येईल, आणि मग त्या पुस्तकावर बोलता येईल, असा त्यांचा हिशोब होता. बुधवारी आल्याबरोबर ते आधी खणाकडे बघत. दुसरी प्रत जागेवर असली की पिशवी खाली ठेवून स्टुलावर बसत. ती बहुतेक वेळा जागेवरच असे. सहा महिन्यांनी मी ती परतीच्या गठ्ठ्यात बांधायला घेतली की तेवढ्या वेळापुरते ते दाराशी जाऊन उभे राहत.

"तुमचीच प्रत द्या ना कोणाला वाचायला," मी सुचवलं.

"फुकट वाचणारो 'बरा आसा' म्हणता आणि जाता. पदरचे पैसे घालून घेता, तो झगडता." थोड्या वेळाने म्हणाले, "तू वाचतस?"

"मिठाईवाला मिठाई खातो का?" मी म्हटलं. त्यांनी परत विचारलं नाही.

मग एका बुधवारी खणात फट दिसली. लांबच्या ग्रहाकडे निघालेल्या जहाजाची कादंबरी होती. काकांची सर्वांत लाडकी, कारण तिचा नायकच आचारी. प्रवास लांबतो, धान्य संपत येतं, तेव्हा हा आचारी तांदळाचं शेवटचं पोतं लपवतो आणि सगळ्यांना सांगतो की तांदूळ संपला.

"खंय गेली?" काकांनी विचारलं.

"विकली. औद्योगिक इस्टेटमधल्या कारखान्यातला सुपरवायझर आहे, सुतार आडनावाचा. गडहिंग्लजचा. इथे खोली घेऊन एकटाच राहतो."

त्या दिवशी काका उंडे दुकानात विसरून गेले.

सुतार पुढच्या बुधवारी शिफ्ट सुटल्यावर दुसरं पुस्तक बघायला आला. मी दोघांची ओळख करून दिली. काका उठून उभे राहिले. कसं वाटलं, असं त्यांनी अगदी हळू विचारलं.

"झ्याक हाय," सुतार म्हणाला. "पर त्यो आचारी चोर हाय ओ."

"चोर?"

"मग काय! समद्यांचा तांदूळ दडवून बसलाय."

काकांनी पिशवी उचलली आणि बसची वेळ व्हायच्या आत निघून गेले. संपलं, असं मी समजले. पण पुढच्या बुधवारी मी शटर उघडायला आले तर काका आधीच पायरीवर उभे. "तो येतलो मगे आज?"

त्यानंतर दर बुधवारी माझ्या दुकानात त्या एका पोत्यावरून भांडण होई.

"सांगायचं की सगळ्यास्नी! माणसं काय जनावरं हाईत व्हय?"

"सांगला तर दुसऱ्या दिसा पोता रिकामा. तू कधी तीस माणसांक रांधलंस?"

"तुमी बोटीवर दडवलासा काय कवा?"

"तुका कित्याक सांगू?"

ग्राफपेपर न्यायला आलेली माणसं ऐकत उभी राहत. मला दोनदा ओरडावं लागलं. काका एरवी परतीच्या बसआधी अर्धा तास स्टँडवर जाऊन बसणारे. आता धावत बस गाठू लागले. दाढी करून येत.

सुतारची बदली झाली. कंपनीने त्याला पार गुजरातेतल्या कारखान्यात पाठवलं. बुधवार यायच्या आधीच त्याला निघावं लागलं. जाताना दुकानात येऊन म्हणाला, "काकास्नी सांगा, चोरच हाय म्हणावं." मी बुधवारी निरोप दिला. काका हसले. मग खणाकडे बघत म्हणाले, "ता पुस्तक आणखी एक मागय. रवांदे थंय."

मी मागवलं. त्यांनी मात्र पुढच्या यादीतलं काही तपासलं नाही. स्टुलावर बसत, बस आली की जात. आधी त्यांना फक्त वाट बघायची सवय होती, आता भांडायची लागली होती.

गणेशचवथीची गर्दी होती. दोन बुधवार काका आले नाहीत. तिसऱ्या बुधवारी मी दुपारचं दुकान बंद करून आमोण्याला गेले. शेजारच्या बाईने मला ओळखलं असावं. "गेले गे बाय. न्हिदेतच गेले. नागपूरचा चेडू येऊन दिवस करून गेला." तिने दार उघडून दिलं. स्वयंपाकघरात भांडी आकड्यांना टांगलेली, एक ताट, एक वाटी. भिंतीवरच्या फळीला पुढून लाकडाची पट्टी. फळीवर माझ्या दुकानातली पुस्तकं, प्रत्येकाची एकेक प्रत.

यथावकाश परतीची वेळ आली. मी खण रिकामा करून गठ्ठा बांधला. ती आचाऱ्याची कादंबरी शेवटी राहिली. ती बाजूला काढली, किमतीचे पैसे पाकिटातून काढून गल्ल्यात टाकले आणि पुस्तक घरी नेलं. माझा वाचायचा वेग कमी. एका सोमवारी सुरू केलेलं पुस्तक पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी रात्री संपलं.

दोघांचंही चुकत होतं. सगळ्यांना सांगितलं असतं तर पोतं राहिलं नसतं, हे काकांचं खरं. पण एवढी मोठी गोष्ट एकट्याने पोटात ठेवून इतके महिने त्या लोखंडात काढायचे? त्या आचाऱ्याने एकाला तरी सांगायला हवं होतं. कोणालाही. भांडी घासणाऱ्यालासुद्धा.

बुधवारी शटर वर केलं तेव्हा मी भांडायला पूर्ण तयार होते.