पार्किंग आहे, पण मावशी बसल्यात

दोन महिन्यांपूर्वीचा एक रविवार. परळच्या एका सोसायटीत मी माझ्याच गाडीच्या डिकीतून बाहेर येत होते... आधी पाय, मग मी.

झालं असं की लालबागची आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली. घर रिकामं करायची तारीख जवळ आली होती आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तिला बस चढता येत नाही, जवळच्या भाड्याला टॅक्सीवाले थांबत नाहीत, म्हणून मी एक छोटी सेकंडहँड गाडी घेतली. त्यामुळे भाड्याची घरं दाखवणाऱ्या ब्रोकरला माझा पहिला प्रश्न ठरलेला... पार्किंग आहे ना?

"आहे ना मॅडम!" हे तो इतक्या प्रेमाने म्हणायचा की पुढचं विचारायला जीभ रेटायची नाही.

पण एका ठिकाणी पार्किंग म्हणजे जो आधी येईल त्याचं. दुसरीकडे गाडी मशीनने वर टांगायची आणि ती खाली हवी असेल तर मशीनवाल्याचं जेवण होईपर्यंत थांबायचं. आणि त्या रविवारी दोन खांबांच्या मध्ये गाडी मस्त बसली, पण दार कुठलंच उघडेना! म्हणून ती डिकी.

आई बाहेर उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. चाळ सुटणार हे कळल्यापासून ती पहिल्यांदाच अशी हसली, म्हणून मला रागही येईना...

खरं तर मला पार्किंगपेक्षा आईचीच काळजी होती. प्रत्येक फ्लॅटमध्ये ती एकच विचारायची, "इथे दारं उघडी ठेवतात का हो?" ब्रोकर अभिमानाने सांगायचा, "नाही मावशी, डबल सेफ्टी डोअर आहे!" की हिचा चेहरा उतरलाच.

त्याच रविवारी आम्ही वैतागून घरी निघालो, तेव्हा ब्रोकर म्हणाला, "मॅडम, शेवटचा एक बघा." मागच्याच गल्लीतली सात मजली जुनी बिल्डिंग. पार्किंग ऐसपैस, वर शेड, दोन्ही दारं उघडतील एवढी जागा... आणि बरोबर मधोमध खुर्ची टाकून एक मावशी मेथी निवडत बसलेल्या.

मी हॉर्न वाजवला. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "हयसर गाडी लावूची नाय."

मी काही बोलायच्या आत मागच्या सीटवरून आई त्यांच्याच मालवणीत कडाडली, "मगे काय गाडी टकलेर घेवन बसांव?" म्हणजे, डोक्यावर घेऊन बसू का?

मेथी निवडणारा हात थांबला. ब्रोकरने डोळे मिटले. मी मनातल्या मनात हेही घर सोडून दिलं...

"गाव खंयचो तुमचो?" मावशींनी विचारलं.

संपलं! आई काठी टेकत खाली उतरली. दुसरी खुर्ची आली. मी आणि ब्रोकर फ्लॅट बघून खाली आलो तेव्हा अर्धी मेथी आईच्या मांडीवर होती आणि दोघी कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नावर बोलत होत्या.

मी म्हटलं, "किचन लहान आहे, बाथरूमचं दार नीट लागत नाही. तू एकदा वर येऊन बघ."

"काय बघायचंय? भिंतीच असणार," आई म्हणाली. "घेऊन टाक."

घेतलं. एकच अट होती, तीही मालकाची नाही, तळमजल्यावरच्या या परब मावशींची. चहाच्या वेळेपासून दिवेलागणीपर्यंत त्या जागेत बायका बसतात, गाडी नंतर आणायची. आई माझ्या वतीने "हो" म्हणून मोकळी झाली होती.

आता आई रोज स्वतःहून लिफ्टने खाली जाते. फिजिओथेरपिस्ट स्वतः शिकवलेल्या व्यायामावर खूश आहे, मी त्याला काही सांगितलेलं नाही.

आणि मी? ऑफिसातून लवकर सुटले तर परळभर चकरा मारते. काल गेटमधून गाडी आत घेतली तर समोर पाच खुर्च्या! आईने लांबूनच हात केला, "एक फेरी मारून ये गो!"

मी रिव्हर्स घेत होते, तेवढ्यात परब मावशी लगबगीने आल्या आणि खिडकीतून एक गरम डबा माझ्या मांडीवर ठेवला. घावणे आणि चटणी. "खात खात जा," म्हणाल्या.

सिग्नलला थांबून खाल्ले... डोळ्यांत पाणी आलं, ते चटणीचं होतं असं समजू.

परब मावशी, तुम्हाला खरंच मनापासून थँक यू. माझी आई या घरात रुळेल की नाही या विचाराने मला झोप लागत नव्हती. फक्त एक विनंती... शनिवारी तरी त्या खुर्च्यांवरून जरा लवकर उठत जा!