चुना तापतो, तरी उणे कसा?

डिंगोरे गावात टोमॅटोवर करपा रोग दिसला की चुना विझवायला वृषालीलाच हाक यायची. मोरचूद-चुन्याचं औषध तिच्या हातून कधी बिघडलं न्हाई. पण हीच बाई बारावीच्या रसायनात दोनदा आपटलेली! नर्सिंगला जायचं तिच्या मनात लई होतं, आणि सासरे हौशीराम बजावून बसले होते, "ह्या बारीला नाय निघालीस, तर पुस्तकं रद्दीत."

अडलं होतं एका चिन्हावर. रासायनिक क्रियेत उष्णता बाहेर पडली की तिच्या आकड्याला उणे, आत घेतली की अधिक. आता बोला! चुन्यात पाणी ओतलं की बादलीला हात लावता येत न्हाई, तिला उणे? आणि युरियाचं पाणी बर्फावाणी गार पडतं, त्याला अधिक? दोन्ही परीक्षांत तिनं आपल्या हातावर भरवसा ठेवला आणि उलटं लिहून आली.

पेपरच्या आदल्या दिवशी बादली फसफसत होती आणि वृषाली रडकुंडीला आली होती. "आत्या, तुमीच सांगा, एवढी आग, मग उणे कसं?"

सासू सरूबाईला अक्षरओळख न्हाई. ती म्हणाली, "म्हशीची धार काढली की चरवी भरती. म्हशीकडं काय ऱ्हातं? कमीच की! तू नुस्ती चरवी बघतीस. चुन्याला इचार."

वृषालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि लगेच परत सगळं गढूळ झालं. "पण आत्या, पाणीबी चुन्यात मुरतं. मग ते देणारं का घेणारं?"

"ते मास्तराला इचार बाई, मला भाकरी टाकायच्यात."

दुसऱ्या दिवशी ओतूरला पेपरात नेमका चुनाच आला. हात आधी अधिककडं गेला. तिनं ते खोडलं, म्हैस आठवली, उणे लिहिलं, पुन्हा खोडायला पेन उचललं आणि तसंच ठेवून दिलं.

बाहेर हौशीराम मोटारसायकल घेऊन उभे. "काय झालं?"

"उणे लिवलं, मामा."

त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी परत गेलं?"

"न्हाई ओ! देणाऱ्याकडचं कमी व्हतं, म्हणून उणे." ती सांगत सुटली, म्हैस, चरवी, चुना, युरिया, आणि पाण्यापाशी येऊन अडखळली.

"मला काय बी कळलं न्हाई," हौशीराम म्हणाले. घरी उतरल्यावर मात्र त्यांनी सरूबाईला सांगितलं, "रद्दीवाला आला तर माघारी लाव. पोरीला पाण्याचं अजून बघायचंय."