डोळे झाकून दिलेलं मत

मित्रांनो, आज सकाळी हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं, "शेजारच्या मृण्मयीचा गाण्याचा व्हिडिओ स्पर्धेत आहे. डोळे झाकून मत द्या."

तासाभरात मृण्मयी दारात. "काका, निवडणुकीत विचार करून मत द्या म्हणून भाषणं ठोकता, आणि माझ्या वेळी डोळे झाकून?"

उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यातल्या शिलाई मशिनींच्या आवाजांतून तिनं अख्खा इलेक्ट्रॉनिक अल्बम रचलाय; स्पर्धेतलं गाणं त्यातलंच. मी स्वतः ते ऐकलं नव्हतं. लाजलो, मेसेज बदलला: आधी ऐका.

मतं थांबली. दुपारी सोसायटीतल्याच साळवीकाकू तिला म्हणाल्या, "पहिल्यांदा डोकं उठलं गं. दुसऱ्यांदा पाय हलायला लागले."

"मत दिलंत?"

"थांब, अजून एकदा ऐकते."

मृण्मयी हरेलही, पण आज ती ऐकली गेली. तुम्ही नीट ऐकून मत शेवटचं कधी दिलंत?