बाबांच्या कपाटाला लागलेली वाळवी

लातूरच्या आमच्या घरात वाळवी निघाली तेव्हा मी आधी बिल्डरवर चिडले, मग नवऱ्यावर. स्वयंपाकघराच्या चौकटीवर मातीची रेघ चढत होती आणि या गृहस्थाला ती महिनाभर दिसली नव्हती. बोट दाबलं तर नुसता रंगाचा पापुद्रा, आतलं लाकूड गायब. मी नोकरी सांभाळून घर लख्ख ठेवणारी बाई. शेजारणींच्या कानावर जायच्या आत मी औषधवाल्याला बोलावलं.

त्याने भिंतीच्या कडेकडेने ड्रिलने भोकं पाडली, औषध सोडलं, वरून पांढरं सिमेंट भरलं. हॉलमधल्या काचेच्या कपाटापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, हे रिकामं करून सरकवावं लागतंय." ते कपाट बाबांच्या पुस्तकांचं. बाबा नांदेड जिल्ह्यात, नायगावकडच्या आमच्या खेड्यात मास्तर होते. आमच्या वस्तीत पुस्तक विकत घेणारा पहिला माणूस तेच. नजर अधू झाली तशी त्यांनी जन्मभराची पुस्तकं माझ्या हवाली केली. कपाटावर बुद्धमूर्ती होती. पौर्णिमेला मी ताजी फुलं ठेवायची, काचा पुसायची, आल्यागेल्याला दाखवायची. तिथे असलं वासाचं औषध?

"त्याला हात लावायचा नाही," मी ताडकन म्हणाले. त्याने दोनदा समजावलं, मग पुढच्या भिंतीकडे वळला. सगळ्या घराला औषध झालं, तेवढी एक भिंत सोडून. मला मात्र बाबांचा मान राखल्यासारखं वाटत होतं.

पावसाळ्यानंतर बाबांचा फोन आला. "बाई, काय करून राहिलीस? विहारात अभ्यासिका झाली बघ. भरतीचा अभ्यास करणाऱ्या पोरी बसून राहिल्यात. रॅकबी आणलाय. रविवारी पुस्तकं घिऊन ये, म्या जबान देऊन बसलोय." त्यांचा आवाज इतका खूश मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

शनिवारी दुपारी कपाट उघडलं. समोरून सगळं जागच्या जागी होतं. पहिलं पुस्तक ओढलं तर हातात नुसती पाठ आली आणि मागे ओलसर मातीचा ढीग कोसळला. दुसरं, तिसरं, खालचा कप्पा, वरचा कप्पा, सगळीकडे तेच. मी फरशीवर बसकण मारली.

"नवी घेऊन टाकू," नवरा म्हणाला. "त्यांना कुठं दिसतंय?" मी त्याच्यावर खेकसले, पण सकाळी वाटेत नांदेडात पुस्तकांच्या दुकानासमोर गाडी थांबवायला मीच लावली. काचेतून कोरी पुस्तकं दिसत होती. माझी मलाच शिसारी आली. न उतरता "चल" म्हणाले.

बाबा ओसरीवर इस्त्रीचं धोतर नेसून बसले होते. मी सगळं सांगितलं, औषधवाल्याला कपाटाला हात लावू न दिल्याचंही. आणलेलं एक पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पुठ्ठ्याच्या आत बोटं घातली, माती धोतरावर सांडली. ते आत चाचपत राहिले. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"जाऊ दे माय," शेवटी म्हणाले. "चल, पोरी वाट बघून राहिल्यात."

विहारात सतरंजीवर पंधरावीस मुली बसल्या होत्या. मागे रिकामा रॅक, त्याला झेंडूची माळ. बाबा माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले.

"पुस्तकं वाळवीनं खाल्ली," ते म्हणाले. "लई वाईट झालं. पर आपलं काई अडत न्हाई. इतकी वर्सं ती माझ्या लेकीपाशी व्हती. तिनं समदी वाचल्यात. आता दर रविवारी ती यील आन त्यात काय काय व्हतं ते तोंडानं सांगंल. बस बाई, कर सुरू."

मुलींनी पेनं काढली. कुणीतरी माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. लाजेने माझे कान तापले होते. फुलं वाहिली, काचा पुसल्या, पण त्या कपाटातलं एक पान मी उलटलं नव्हतं. बाबा माझ्या शेजारी मांडी घालून बसले आणि ऐकू यावं म्हणून त्यांनी मान माझ्याकडे कलती केली.