रेणुकाची चौथी कमजोरी

गेल्या रविवारी गुलबर्ग्याच्या मैदानावर माझी चांगलीच जिरली... आणि तरी मी दिवसभर छाती फुगवून फिरत होतो. कसं ते सांगतो.

मी निंबर्ग्याकडच्या एका शाळेत पीटी शिकवतो. आमच्या दहावीतल्या रेणुकाला घेऊन हॉकी हॉस्टेलच्या निवड चाचणीला गेलो होतो. हॉस्टेल मिळालं की शिक्षण, जेवण, चांगलं मैदान, सगळं आलं. नाही मिळालं तर हॉकी संपली, कारण वयात बसणारं हे शेवटचं वर्ष आणि दहावीनंतर आमच्याकडे खेळायला टीमच नाही. डिफेन्सची जागा एकच होती.

रेणुका धनगराची पोर. मागे खेळते, फुलबॅक. शाळा सुटली की प्रॅक्टिस, आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांबरोबर, तिच्या अप्पांबरोबर, मेंढरांमागे.

चाचणीआधी कोचने एक फॉर्म भरायचा असतो. खेळाडूचे गुण, कमजोरी आणि पुढे तिची भूमिका काय राहील... असे तीन रकाने, कन्नडमध्ये. मागे एकदा मी एका पोरीचं फार कौतुक लिहून पाठवलं होतं. ती महिन्याभरात रडत परत आली. तेव्हापासून कानाला खडा लावलाय, खरं तेच लिहायचं.

म्हणून लिहिलं. गुण : वेळेवर येते, शिस्तीची आहे. (आता वाचताना माझं मलाच हसू येतं. प्रगतिपुस्तक होतं की काय ते?)

कमजोरीला मात्र हात सैल सुटला. एक, उलट्या बाजूने आलेला बॉल सुटतो. दोन, हिट कमी पडते. तीन, मैदानात तोंड उघडत नाही. चार, समोरच्या खेळाडूच्या अंगावर जात नाही, भिते. आणि भूमिका... राखीव.

आता माझंही ऐका. मी कॉलेजात फॉरवर्ड होतो. ज्यांना गोल मारता येत नाही ते मागे उभे राहतात, अशी आमची ठाम समजूत. डिफेन्सवाल्याने धावत जाऊन बॉल हिसकावला पाहिजे, एवढंच मला कळायचं. तीन वर्षं मी हिला ओरडत होतो, "पुढं जा की गं, उभी कामून राहायलीस?" ती मान हलवायची आणि पुन्हा तेच करायची.

चाचणीत सगळ्या पोरींच्या दोन टीम करून सामना लावला. समोर बिदरची एक फॉरवर्ड होती, वाऱ्यासारखी पळणारी. तिने पहिल्या पाच मिनिटांत रेणुकाच्या जोडीदारणीला दोनदा सहज चकवलं. ती बिचारी दोन्ही वेळा जोरात अंगावर गेली, आणि तो बॉल कधी निघून गेला ते तिला कळलंही नाही.

मग ती बिदरची पोर रेणुकाकडे वळली. रेणुका गेलीच नाही. स्टिक जमिनीला टेकवून, जरा तिरकी उभी राहून, तिच्याबरोबर मागे मागे सरकत राहिली. मी बाहेर कपाळाला हात लावला... गेली आता जागा, असंच वाटलं. पण ती बिदरची पोर पळता पळता कडेला कडेला सरकत गेली आणि बॉल घेऊन चक्क रेषेबाहेर. रेणुकाने तिला हातही लावला नव्हता.

असं चार वेळा झालं. रेणुका मागे होती तोवर त्या बाजूने एकही गोल झाला नाही.

निवड समितीतल्या मॅडम स्वतः जुन्या फुलबॅक. सामना संपल्यावर त्यांनी तिला बोलावून कन्नडमध्ये विचारलं, हे कुणी शिकवलं? मी टाय नसलेल्या गळ्याला उगाच हात लावला. वाटलं, आता माझं नाव येणार.

रेणुका म्हणाली, अप्पांनी. तुरीत शिरणाऱ्या मेंढरावर सरळ धावून गेलं की ते हुकवून आत घुसतं. त्याची आतली वाट अडवून चालायचं, मग ते आपणच बांधाकडे जातं.

मग मॅडमनी माझा फॉर्म काढला. पहिल्या तीन कमजोऱ्या बरोबर आहेत, म्हणाल्या, त्यावर आम्ही काम करू. चौथीभोवती वर्तुळ केलं आणि बाण काढून ती वरच्या रकान्यात, गुणांत नेऊन ठेवली. "भिते" तेवढं खोडलं. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून पेन माझ्या हातात दिला... हे तुम्हीच दुरुस्त करा.

'राखीव' खोडून मी 'मुख्य फुलबॅक' लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. दुपारी यादी लागली, त्यात रेणुकाचं नाव होतं.

परतीच्या बसमध्ये मला राहवेना. म्हटलं, "रेणुका, तुला एक सांगायचं हाय. मी फॉर्मात तुला राखीव लिवलो होतो."

"ठावं हाय सर. येताना फाईल माझ्याजवळच व्हती की. वाचले मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग? भितेस असं लिवलेलं वाचूनबी अंगावर कामून गेली न्हाईस?"

"गेले असते तर गोल झाला असता की."

एवढं बोलून ती खिडकीला टेकून शेंगा सोलत बसली.

आपल्याबद्दल सरांनी काय लिहिलंय हे माहीत असूनही, जागा एकच आहे हे माहीत असूनही, जे बरोबर तेच खेळणारी पोर माझ्या हाताखाली तयार झाली... बरीचशी मला न जुमानता. तरी मी गावभर सांगत सुटलोय, ही माझी खेळाडू आहे म्हणून.