चाचांच्या घराचं दार

मंडळी, आज सकाळी आसेगावात शेजारच्या रहीमचाचांनी स्वतःच्या घराचं दार चौकटीतून उतरवलं.

चाचा सुतार. गेल्या आठवड्यात त्यांचा मुलगा युसूफ नदीच्या पुरात वाहून गेला, अजून सापडला नाही. त्याला शोधायला अंगणातच डोंगा, म्हणजे लहान नाव, बांधायचा, तर फळ्यांवर रंधा मारायला सपाट जागा नव्हती.

उलट्या घातलेल्या दोन उखळांवर आम्ही दार आडवं टाकलं. ते डुगडुगत होतं, म्हणून खाली पोत्याच्या घड्या सारल्या.

मी म्हणालो, "चाचा, दारच काहून काढलं? रातच्याले घर उघडं राहीन ना."

"राहू दे बाप्पा. तसंही तुयी चाची कडी लावूच देत नाही. म्हन्ते, पोरगं आलं तर त्याले दार वाजवा लागू नये."

मी दारावर पहिली फळी ठेवली आणि तिचं एक टोक घट्ट धरलं. दुसऱ्या टोकाकडून चाचांनी रंधा चालवायला घेतला, मंडळी.